कुठून आलात, एवढं आधी विचारा : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय : प्रवासाहून परतलेल्या तापाच्या रुग्णांसाठी उपनगरांतल्या महापालिका रुग्णालयांत हिवतापाची जलद मॉलिक्युलर तपासणी सुरू करण्याबाबत.

महोदय,



मी घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या काचपट्ट्या वाचणं हे माझं रोजचं काम. जून उजाडला की आमच्या ट्रेमध्ये काचपट्ट्यांची चळत वाढू लागते आणि नवरात्र येईपर्यंत ती उतरत नाही. थंडी वाजून ताप, अंगदुखी, प्लेटलेट्स खाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमपी’ अशी दोन अक्षरं असतात, म्हणजे हिवतापाचा परजीवी शोधा. या गर्दीत काही माणसं नुकतीच कुठून तरी परतलेली असतात. कुणी नैरोबीहून, कुणी लागोसहून, कुणी जहाजावरचा करार संपवून, कुणी झारखंडातल्या गावी शेतीची कामं उरकून मुलुंडच्या बांधकामावर परत. चिठ्ठीवर हे क्वचितच लिहिलेलं असतं. दंडाला पट्टा बांधताना मी सहज विचारते, तेव्हा कळतं.

माझं मागणं सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढचं का लिहिलं ते आपल्या लक्षात येईल. ताप घेऊन आलेला माणूस गेल्या काही आठवड्यांत बाहेरून आला असेल, तर काचपट्टी आणि कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्याला घरी पाठवू नये. तासा-दीड तासात निकाल देणारी मॉलिक्युलर तपासणी त्याच दिवशी व्हावी, ती महापालिकेने विनामूल्य करावी, आणि निकाल पॉझिटिव्ह आला की दुसऱ्या दिवशी सकाळी कीटकनाशक विभागाचा माणूस त्याच्या इमारतीच्या गच्चीवर पोहोचलेला असावा.

आता कारणं.

काचपट्टी कशी वाचतात ते आधी सांगते, कारण सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, वाळू द्यायचा. जाड थरातल्या लाल पेशी पाण्याने फोडून टाकायच्या, म्हणजे परजीवी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उरतात. मग रंग चढवायचा. आपल्या देशातल्या हिवताप कार्यक्रमात वर्षानुवर्षं वापरला जाणारा जेएसबी रंग भारतातच तयार झालेला आहे. रंगलेल्या काचेवर तेलाचा थेंब टाकून हजारपट मोठं करणाऱ्या भिंगाखाली ती धरायची आणि एकेक क्षेत्र सरकवत जायचं. फॅल्सिपेरम या परजीवीच्या घातक जातीची कडी फार नाजूक असते. निळसर वर्तुळ, त्यावर लाल रंगाचा एक किंवा दोन ठिपके. शेजारी रंगाचा कण पडला असेल किंवा एखादी प्लेटलेट आली असेल तर नजर फसू शकते, म्हणून सूक्ष्मदर्शकाची बारीक चकती पुढेमागे फिरवत खात्री करावी लागते. निगेटिव्ह लिहिण्याआधी किमान शंभर-दोनशे क्षेत्रं पाहायची असतात. नीट पाहायचं म्हटलं तर एका पट्टीला पंधरा-वीस मिनिटं जातात. ऑगस्टमधल्या सोमवारी सकाळी एका तंत्रज्ञापुढे किती पट्ट्या असतात, हे आपल्या कोणत्याही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत उभं राहून आपण स्वतः पाहावं, अशी माझी विनंती आहे.

आणि समजा तंत्रज्ञ उत्तम आहे, वेळ भरपूर आहे, तरीही काचपट्टीला एक मर्यादा आहेच. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, पन्नासेक परजीवी असले तर चांगला तंत्रज्ञ ते शोधतो. कार्ड टेस्टला शंभर ते दोनशे लागतात. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त असतं, म्हणजे पन्नास लाख मायक्रोलिटर. कार्डावर फिकी रेघ उमटायला दर मायक्रोलिटरमध्ये शंभर परजीवी हवेत, तर त्या घडीला माणसाच्या अंगात पन्नास कोटी परजीवी झालेले असतात. मॉलिक्युलर तपासणी मायक्रोलिटरमध्ये एक-दोन परजीवी असतानाही त्यांचा डीएनए ओळखते. म्हणजे कोटीभर असतानाच. फॅल्सिपेरम दर अठ्ठेचाळीस तासांनी दहापटीपर्यंत वाढू शकतो. कोटीवरून पन्नास कोटींवर जायला त्याला तीन-चार दिवस पुरतात. या तीन-चार दिवसांसाठी मी आपल्याला पत्र लिहिते आहे.

हे दिवस प्रवाशाच्या बाबतीतच इतके महत्त्वाचे का, तर ज्याला आयुष्यात कधी हिवताप झालेला नाही त्याला अगदी थोड्या परजीवींनीही सणसणून ताप भरतो. आफ्रिकेतल्या खेड्यात वाढलेला माणूस मायक्रोलिटरमागे हजारो परजीवी अंगात घेऊन बाजारहाट करून येईल. अंधेरीत वाढलेला, पहिल्यांदाच टांझानियाला गेलेला तरुण मात्र त्याच्या कितीतरी आधी अंथरूण धरतो. त्याचा ताप लवकर येतो आणि आपली कार्ड टेस्ट उशिरा जागी होते. या मधल्या फटीत तो सापडतो. चित्र साधारण असं असतं : परतल्यावर आठवड्याभरात ताप येतो, कार्ड निगेटिव्ह, काचपट्टी निगेटिव्ह, ‘व्हायरल दिसतोय, पॅरासिटामॉल घ्या, पाणी भरपूर प्या’ असं सांगून त्याला घरी पाठवतात. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असल्यामुळे घरचेही निर्धास्त होतात. चौथ्या-पाचव्या दिवशी तो पुन्हा येतो तेव्हा डोळे पिवळे झालेले असतात, बोलण्यात सुसंगती नसते, आणि काचपट्टीवर शोधायची गरजच उरत नाही, दर क्षेत्रात कड्याच कड्या. फॅल्सिपेरम असा मेंदूपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. तिथून माणसाला परत आणणं जमतं, पण नेहमीच जमत नाही.

ब्रिटनमध्ये याची जाणीव आहे म्हणून प्रवाशाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली तर पुढच्या दोन-तीन दिवसांत रक्त पुन्हा तपासा, तीनदा निगेटिव्ह आल्याशिवाय हिवताप नाही असं म्हणू नका, अशी त्यांच्या डॉक्टरांना सूचना असते. आपल्याकडे तीन दिवस सलग रक्त द्यायला कोण येतो? रोजंदारीवरचा माणूस एक दिवस येतो तोच खाडा करून. म्हणून पहिल्या दिवशीच, एकाच थेंबात, जास्तीत जास्त खात्रीचं उत्तर मिळणं आपल्याला त्यांच्यापेक्षा अधिक गरजेचं आहे.

आणखी एक अडचण आहे ती कार्डाची. आपल्या कार्डांतली फॅल्सिपेरमची रेघ एचआरपी-२ नावाच्या प्रथिनावर अवलंबून असते. काही ठिकाणच्या परजीवींनी हे प्रथिन बनवणारं जनुकच गमावलं आहे. एरिट्रियात २०१६ मध्ये अशा परजीवींमुळे कार्डं खोटी निगेटिव्ह येत असल्याचं उघड झालं आणि त्या देशाला कार्डं बदलावी लागली. इथिओपिया आणि जिबूतीतही असे परजीवी सापडले आहेत. अदिस अबाबाहून मुंबईला थेट विमान येतं. त्या बाजूने आलेल्या माणसाच्या अंगात परजीवी कितीही असोत, कार्ड मात्र गप्प बसू शकतं. शिवाय आपली कार्डं व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम या दोनच जातींसाठी बनलेली आहेत. आफ्रिकेतून येणारी ओव्हेल ही जात त्यांच्या हिशेबातच नाही.

लंडन आणि मुंबई यांत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं कारण आहे. लंडनमध्ये आफ्रिकेहून परतलेल्या माणसाला हिवताप झाला तर धोका त्याचा एकट्याचा असतो. घाटकोपरला झाला तर धोका अख्ख्या इमारतीचा. कारण आपल्याकडे अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी हा डास आहे. १९०१ साली ग्लेन लिस्टन या डॉक्टरने वऱ्हाडातल्या एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, डासांचा अभ्यास केला आणि या डासाला शास्त्रीय नाव दिलं. हाच लिस्टन पुढे परळच्या प्रयोगशाळेचा, आजच्या हाफकिन संस्थेचा, संचालक झाला. स्टीफन्सीला शेताची, ओढ्याची गरज नाही. गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, विहीर, बांधकामावर क्युरिंगसाठी साठवलेलं पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी, एवढं त्याला पुरतं. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी आणि १९२८ मध्ये कोव्हेल यांनी मुंबईच्या हिवतापावर जे अहवाल लिहिले, त्यांत विहिरी आणि टाक्या यांचाच पाढा आहे. शंभर वर्षांनी आपले कर्मचारी त्याच टाक्यांची झाकणं उचलून पाहत फिरतात. आज हा डास आफ्रिकेत शिरला आहे. २०१२ साली तो जिबूतीत सापडला, आणि २०२२ मध्ये इथिओपियाच्या दिरे दावा शहरात त्याने हिवतापाची साथ पसरवली. आपल्या शहराला शतकभर छळणारा डास तिकडची शहरं धरू लागला आहे.

आता वेळेचा हिशेब बघा. फॅल्सिपेरमच्या ज्या अवस्थेमुळे डासाला लागण होते ती अवस्था रक्तात उतरायला पहिल्या तापानंतर साधारण आठ-दहा दिवस लागतात. पहिल्याच दिवशी निदान होऊन उपचार सुरू झाले तर तो माणूस सहसा कुणाच्याही टाकीतल्या डासाला काहीच देत नाही. ‘व्हायरल’ म्हणून दोन आठवडे गेले तर देतो, आणि डासाच्या अंगात आणखी दहा-बारा दिवस गेले की तो डास शेजारच्या मुलाला चावतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्या मुलाला ताप येतो. त्या मुलाचा प्रवासाशी काही संबंध नसतो. तो आपल्या नोंदीत ‘स्थानिक रुग्ण’ म्हणून लागतो. व्हायव्हॅक्समध्ये तर एवढीही सवड मिळत नाही. त्याची ती अवस्था तापाबरोबरच, कधी त्याआधीही रक्तात असते. म्हणून तिथे एकेक दिवसाचं मोल जास्तच.

महापालिकेने हिवतापाशी दिलेली झुंज मी जवळून पाहिली आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. २०१० साली शहरात ७६ हजारांवर रुग्ण आणि १४५ मृत्यू झाले होते. त्यानंतर घरोघरी तापाचं सर्वेक्षण, बांधकामांवर तपासण्या, महापालिका कायद्याच्या कलम ३८१ ब खाली सोसायट्यांना नोटिसा, हे सगळं नेटाने झालं. २०२३ आणि २०२४ मध्ये रुग्णांचा आकडा वर्षाला सात-आठ हजारांच्या दरम्यान राहिला. देशातही २०१५ मध्ये साडेअकरा लाखांहून अधिक असलेले रुग्ण २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास आले. २०२७ पर्यंत स्थानिक लागण शून्यावर आणायची आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार करायचा, असं केंद्र सरकारचं उद्दिष्ट आहे. ते गाठायचं तर बाहेरून येणारा रुग्ण ओळखण्याची सोय आधीच तयार हवी. श्रीलंकेत शेवटचा स्थानिक रुग्ण ऑक्टोबर २०१२ मध्ये सापडला, २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त ठरवलं. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे एका रहिवाशाला व्हायव्हॅक्स झाला. शोध घेतला तेव्हा कळलं की लागण जवळच्या बांधकामावर आलेल्या एका भारतीय कामगाराकडून गेली होती. तिथल्या यंत्रणेने ती साखळी तिथेच तोडली, कारण एकेका रुग्णामागे ‘हा कुठून आला’ हा प्रश्न विचारायची त्यांना सवय आहे.

आपल्या उपनगरांत परतणारी माणसं कोण आहेत, तेही लिहिते. घाटकोपर आणि मुलुंडमध्ये कच्छी, गुजराती कुटुंबांची दोन-तीन पिढ्यांची नाती केनिया, युगांडा, टांझानियाशी आहेत. लग्नाला, दुकानाच्या हिशेबाला, आजीला भेटायला जाणं-येणं चालूच असतं. अंधेरीच्या मरोळ-चकाला भागात विमान कंपन्यांचे कर्मचारी राहतात. जहाजांवर काम करणारे कोकणातले, वसईतले तरुण पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांना लागून परत येतात. हे झाले परदेशचे. त्यांच्यापेक्षा संख्येने कितीतरी मोठा गट कुर्ला टर्मिनसला, वांद्रे टर्मिनसला, बोरिवलीला गाडीतून उतरतो. ओडिशा, झारखंड, छत्तीसगडच्या जंगलपट्ट्यातून येणारे कामगार, आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीहून येणारे. गडचिरोली आणि मुंबई, राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार या दोन टोकांवर आहे. प्रवासी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सूटकेस घेतलेला माणूस येतो. डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल घेऊन फलाटावर उतरलेली बाईही परतलेली प्रवासीच आहे, आणि तिचं रक्त त्याच काळजीने तपासलं गेलं पाहिजे.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. ‘बाहेरच्यांनी ताप आणला’ असं म्हणत कुणी कामगारांच्या वस्तीकडे बोट दाखवू नये. अनेक कामगारांना हिवताप इथल्याच बांधकामावर, आपल्याच साठवलेल्या पाण्यातल्या डासामुळे होतो आणि ते तो गावी घेऊन जातात. गणपतीला कोकणात उतरणारा चाकरमानीही मुंबईचा परजीवी घेऊन जाऊ शकतो. ज्याला तपासून कामावरून काढलं जाईल तो तपासायला येणारच नाही. म्हणून ही तपासणी विनामूल्य हवी, ठेकेदाराला नाव न कळवता हवी, आणि उपचाराच्या दिवसांची मजुरी बुडू नये यासाठी महापालिकेने आपल्या कंत्राटांत अट घालावी.

सहारच्या विमानतळावर आफ्रिकेतून येणाऱ्या प्रवाशाकडे यलो फीवरच्या लसीचं कार्ड मागतात. ते योग्यच आहे, आपल्या देशात तो रोग नाही आणि येऊही नये. पण त्याच माणसाला हिवतापाबद्दल एक शब्द सांगायचा तर त्यासाठी तेच टेबल, तोच कर्मचारी पुरे आहे. विमानतळाची आरोग्य यंत्रणा केंद्राकडे आहे, हे मला ठाऊक आहे. तरी आपण पत्र लिहून एवढं घडवून आणू शकता : लस घेताना आणि परतताना प्रत्येकाच्या हातात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीतलं एक छोटं पत्रक द्यावं. ‘पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी या रुग्णालयात जा, आणि कुठून आलात ते आधी सांगा.’ विमानतळावर उतरणाऱ्याच्या कपाळावर थर्मामीटर धरून उपयोग नाही. फॅल्सिपेरमचा ताप डास चावल्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो, व्हायव्हॅक्सचा तर कित्येक महिन्यांनीही. माणूस घरी पोहोचून कामाला लागलेला असतो, तेव्हा.

यंत्रं कुठून आणायची, हा आपला पहिला प्रश्न असेल. आपल्याकडे ती ओळखीची आहेत. कोविडच्या काळात ट्रूनॅट हा शब्द मुंबईकरांच्या तोंडी बसला. गोव्यातल्या मोलबायो या कंपनीचं हे यंत्र टेबलाच्या कोपऱ्यात मावतं, बॅटरीवर चालतं, आणि छोट्या चिपवर साधारण तासाभरात निकाल देतं. क्षयरोगासाठी त्याला जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली आणि देशभरच्या क्षयरोग कार्यक्रमात ते वापरलं जातं. याच यंत्रावर हिवतापाची चिपही चालते, आणि ती व्हायव्हॅक्स व फॅल्सिपेरम वेगळे करून दाखवते. दुसरी पद्धत लॅम्प नावाची, जपानमध्ये २००० साली शोधलेली. तिला पीसीआरसारखं तापमान वरखाली करावं लागत नाही. सुमारे पासष्ट अंशांवर नळी तापवत ठेवली की तासाभरात परजीवीचा डीएनए वाढून नळी गढूळ होते किंवा दिव्याखाली चमकते, आणि ते डोळ्यांनी दिसतं. तिचा एक प्रकार ओव्हेलसकट सगळ्या मुख्य जाती पकडतो. लंडनच्या हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीजेसमध्ये परतलेल्या प्रवाशांच्या रक्तावर लॅम्प वापरून पाहिली गेली आणि २०१३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या सूक्ष्मदर्शकापेक्षा ती सरस ठरली आणि प्रयोगशाळेतल्या पीसीआरच्या तोडीची, शिवाय वेळ कितीतरी कमी. कस्तुरबा रुग्णालयात आपण २०२१ मध्ये विषाणूंचा जनुकक्रम वाचणारी प्रयोगशाळा उभी केलीत. त्यामानाने हे काम फार छोटं आहे.

कस्तुरबा चिंचपोकळीला आहे, बोरिवलीहून नमुना तिथे जाऊन निकाल परत येईपर्यंत मी वर सांगितलेले तीन-चार दिवस संपतात. म्हणून यंत्र रुग्णाजवळ हवं. अंधेरीसाठी कूपर, घाटकोपरसाठी राजावाडी, मुलुंडसाठी अगरवाल, आणि बोरिवली-कांदिवलीसाठी शताब्दी, एवढ्या चार ठिकाणांपासून सुरुवात व्हावी. महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांतून नमुने तिथे यावेत. आणि माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा हा की, खाजगी डॉक्टरांनी पाठवलेले नमुनेही घ्यावेत. उपनगरातला तापाचा रुग्ण पहिल्यांदा नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला अर्ध्या तासावर विनामूल्य तपासणी उपलब्ध आहे हे कळलं, तर तो ‘व्हायरल’ लिहिण्याआधी थांबेल.

ही तपासणी सगळं काही सांगते असा माझा दावा नाही. रुग्ण बरा झाल्यावरही मेलेल्या परजीवींचा डीएनए काही दिवस, कधी काही आठवडे रक्तात राहतो. त्यामुळे औषध लागू पडलं का, हे पाहायला ती उपयोगी नाही. त्यासाठी काचपट्टीच लागते. परजीवी किती प्रमाणात आहेत, रुग्ण गंभीर आहे का, तेही काचपट्टीवरून समजतं. हिवतापाच्या भागात वर्षानुवर्षं राहिलेल्या कामगाराच्या रक्तात थोडे परजीवी सापडले, तरी त्याचा आजचा ताप डेंग्यूचा किंवा लेप्टोचा असू शकतो. हिवतापाचे उपचार द्यायचे आणि दुसरं कारणही शोधायचं. हे सगळं लक्षात घेऊन मी म्हणते की काचपट्टी आणि कार्ड जिथे आहे तिथे राहू द्या. प्रत्येक तापाच्या रुग्णाची मॉलिक्युलर तपासणी करा, असंही मी म्हणत नाही. तेवढा पैसा नाही आणि तेवढी गरजही नाही. जो परतलेला आहे, ज्याचा ताप चालू आहे आणि ज्याची पहिली तपासणी निगेटिव्ह आहे, त्याच्यासाठी हे मागते आहे. अशी माणसं दिवसाला फार नसतात. चिप काचपट्टीपेक्षा कितीतरी महाग आहे हे खरं, पण अतिदक्षता विभागातल्या एका खाटेचा, डायलिसिसचा, प्लेटलेटच्या पिशव्यांचा खर्च आपल्या लेखा विभागाला नीट माहीत आहे.

‘आधी डास मारा, मग यंत्रं आणा’ असं म्हणणारेही भेटतील. टाक्यांवर झाकणं बसलीच पाहिजेत. पण कोणत्या गच्चीवर आज जायचं हे कीटकनाशक विभागाला कोण सांगणार? विभागाकडे माणसं मोजकी आहेत. निदान लवकर झालं तर ती योग्य पत्त्यावर वेळेत जातील. निदान आणि फवारणी एकाच कामाचे भाग आहेत, आणि ते जोडायचे तर प्रयोगशाळेतला निकाल त्याच दिवशी वॉर्डातल्या कीटकनाशक अधिकाऱ्याच्या फोनवर दिसला पाहिजे.

आणि पॉझिटिव्ह आलेल्या माणसाला मध्येच सोडू नये. व्हायव्हॅक्सचे परजीवी यकृतात दडून राहतात, ते मारायला प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस घ्याव्या लागतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि बहुतेकांच्या गोळ्या तिथेच थांबतात. मग महिन्या-दोन महिन्यांनी ताप उलटतो आणि आपण तो नवा रुग्ण म्हणून मोजतो. आपल्या आरोग्यसेविका क्षयरोगाच्या रुग्णाच्या दारी जाऊन गोळ्या घेतल्या का ते पाहतात. चौदा दिवस हिवतापासाठीही त्यांनी जावं, त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळावा, आणि जीसिक्सपीडी या विकराच्या कमतरतेची तपासणी करून, गरोदर बाईला हे औषध न देता, काळजीने ते दिलं जावं.

महोदय, यंदाचा अर्थसंकल्प ठरताना एवढी तरतूद आपण करू शकता. चार रुग्णालयांत चार यंत्रं, चिपांचा वर्षभराचा साठा, प्रत्येक ठिकाणी क्षयरोग विभागाच्या तंत्रज्ञांकडून आठवड्याभराचं प्रशिक्षण, केसपेपरवर ‘गेल्या महिन्यात कुठे गेला होता? गेल्या वर्षभरात?’ असे दोन प्रश्न, आणि खाजगी डॉक्टरांना पाठवायचं एक परिपत्रक. मे महिन्याच्या अखेरीस हे उभं राहिलं तर पहिल्या पावसाच्या आधी उपयोगात येईल. जूनमध्ये निविदा निघाली तर यंत्रं दिवाळीला येतील आणि या मोसमातले रुग्ण आपल्या हातून निसटलेले असतील. म्हणून आत्ताच निर्णय घ्यावा आणि तो जाहीर करावा, ही कळकळीची विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
घाटकोपर (पूर्व) येथील एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ